ग्रामसभेत पोरं का नसतात? गावाचा आराखडा, पाणी आणि तरुणांचा सहभाग

माणदेशी_वारा

मंडळी, बरेच दिवस हा विषय मांडायचा होता, आज वेळ मिळालाय तर सविस्तर लिहितो. शाश्वत विकास, युवकांचा सहभाग हे शब्द आता गावापर्यंत पोचलेत, आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर संयुक्त राष्ट्रांच्या सतरा ध्येयांच्या रंगीत चौकटी पण रंगवल्यात. पण सहभाग म्हंजे प्रत्यक्षात काय होतं तर कॉलेजची पोरं बोलवायची, टोप्या वाटायच्या, घोषणा देत रॅली काढायची, झाडं लावायची आणि फोटो काढून घरी. झाडं लावली हे चांगलंच झालं, पण त्या झाडांना एप्रिल-मेमध्ये पाणी कुठनं घालायचं हे ज्या बैठकीत ठरतं तिथं त्यातलं एकही पोरगं नसतं, आणि मला वाटतं खरी अडचण इथंच आहे.

ती बैठक कुठली? तर ग्रामपंचायत विकास आराखड्याची, म्हंजे वर्षभरात गावात कुठली कामं करायची ते ठरवणारी ग्रामसभा. 14व्या वित्त आयोगापासून म्हंजे 2015 पासून पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायला लागला, आपल्याकडं 'आमचं गाव आमचा विकास' नावानं आराखडे सुरू झाले. 15व्या आयोगात (2020-21 ते 2025-26) पहिलं वर्ष सोडलं तर 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित अशी वाटणी होती. बंधित म्हंजे निम्मा पैसा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी, दुसरीकडं वळवायचाच नाही; अबंधित म्हंजे गावाच्या गरजेप्रमाणं वापरायचा. आणि पाण्याच्या भागात पावसाचं पाणी साठवणं, जिरवणं हे पण बसतं, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. त्यामुळं पाण्याचा पैसा म्हटलं की पाइपलाइन, मोटर आणि टाकीची दुरुस्ती एवढंच दरवर्षी आराखड्यात येतं.

आमच्या गावची गोष्ट सांगतो. आमचा भाग पर्जन्यछायेतला, चांगल्या वर्षीसुद्धा पाऊस जेमतेम. दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही काही पोरापोरींनी, त्यात काही गावातच राहणारे, काही पुण्याला कामाला आणि सुट्टीला येणारे, असं ठरवलं की आधी गावातल्या विहिरी मोजायच्या. काम एकदम साधं आहे. विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटनं पांढरी खूण करायची, टेपच्या टोकाला वजन बांधून सोडायचं, वजन पाण्याला टेकलं की चळ्ळ आवाज येतो, तिथं खुणेजवळचा आकडा वाचायचा आणि वहीत तारीख टाकून लिहायचा. माप दरवेळी त्याच खुणेवरनं घ्यायचं आणि सकाळी मोटर सुरू व्हायच्या आत घ्यायचं, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. भूजल सर्वेक्षण विभाग निवडक निरीक्षण विहिरी वर्षातनं चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला मोजतो, पण अख्ख्या गावाचं चित्र त्यातनं कसं कळणार, म्हणून आम्ही दर महिन्याला आमच्या आमच्या विहिरी मोजायला लागलो.

जोडीला शाळेत पर्जन्यमापक बसवला, रोजची नोंद नववी-दहावीची मुलं घेतात. मग हिशोब मांडला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हंजे 10,000 लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारात 400 मिमी पडला तर 400 कोटी लिटर. ऐकायला प्रचंड वाटतं, पण त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, बरंचसं वाहून जातं, आणि जे मुरतं त्याच्यावर किती बोअर, किती ऊस हे मांडलं की उन्हाळ्यात टँकर का लागतो ते कुणालाही कळतं, त्याला भाषण करायची गरजच पडत नाही.

हे आकडे घेऊन आम्ही ग्रामसभेला गेलो. आराखड्यात देवळापुढं पेव्हर ब्लॉक आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर नवी मोटर असं धरलेलं होतं. विहिरीच्या वरच्या अंगाला एक जुना नाला बांध आहे, सांडव्याच्या बाजूनं फुटलेला, त्यात पाणी टिकत नाही. आमच्याकडं मापं होती, त्या बांधाखालच्या विहिरी बाकीच्यांच्या कितीतरी आधी आटत होत्या. आम्ही म्हटलं मोटर नवी घेऊन काय करायचं, उपसायला पाणी नको का? बांध दुरुस्ती ही शेतीच्या पाण्यासाठी नाही, पिण्याच्या पाण्याच्या स्रोताचं बळकटीकरण म्हणून धरा, मग बंधितमध्ये बसते. पहिल्यांदा बरीच बोलाबोली झाली, पण शेवटी जे म्हातारे शेतकरी त्या बांधावर दुष्काळात स्वतः मजुरीला गेले होते तेच उठून आमच्या बाजूनं बोलले आणि ठराव झाला. पुढं तांत्रिक मान्यतेत ते काम बरेच महिने अडकलं, पाठपुरावा करून करून झालं एकदाचं.

तर माझं म्हणणं असं आहे की तरुणांना धोरणात आणायचं तर वेगळी युवा संसद भरवायच्या आधी या आराखड्याच्या सभेत त्यांना जागा पाहिजे, आणि पोरांनी पण नुसती तक्रार न आणता मोजलेलं काहीतरी हातात घेऊन जायला पाहिजे. तुमच्या गावात, शहरात काय चाललंय ते लिहा. अनुभव हवेत, चांगले वाईट दोन्ही.

---

घाटावरची

खूप छान लिहिलंय दादा. आमच्या गावात मी एकदा ग्रामसभेला गेले होते, बायकांच्यात मी आणि अंगणवाडीच्या ताई एवढ्याच. सगळे बघायला लागले, ही कशाला आलीय म्हणून. नियमानं ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते पण आमच्याकडं ती कागदावरच होते, घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेतात. मला प्रश्न विचारायचा होता शाळेच्या मुलींच्या टॉयलेटचा, पाणीच नसतं तिथं, मुली दिवसभर पाणी पीत नाहीत मग. पण विषय आलाच नाही आणि सभा संपली. असं झालं तर काय करायचं?

---

निवृत्त_ग्रामसेवक

मी बरीच वर्षं या खात्यात काढली म्हणून सांगतो (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, 2024 मध्ये नाव बदललं). घाटावरची ताई, तुमचा विषय विषयपत्रिकेवर यायला हवा, तोसुद्धा लेखी. सभेत उभं राहून बोललं की लोक ऐकतात आणि विसरतात, प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, काही उतरत नाही. ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघते, ती निघायच्या आधीच साध्या कागदावर अर्ज द्यायचा, "खालील विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा", आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची.

दुसरी गोष्ट कोरमची, म्हणजे सभेला किमान किती माणसं लागतात त्याची. कोरम आहे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. बहुतेक गावात तेवढी माणसं जमत नाहीत, मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. म्हणजे पुढच्या तारखेला दहा-पंधरा माणसं बसून वर्षभराचा आराखडा मंजूर करतात आणि ते कायदेशीर असतं. मी स्वतः अशा सभांची प्रोसिडिंगं लिहिलेली आहेत, नियमानं त्यात काही गैर नाही, पण गावाचं त्यात नुकसान आहे. नेहमीच्या माणसांबरोबर पन्नास तरुण जरी ठरवून आले तरी बऱ्याच गावांत पहिल्याच सभेचा कोरम भरतो आणि चर्चा सगळ्यांसमोर होते. तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही हे पण लक्षात ठेवा, म्हणून आधी लेखी द्या म्हणतो.

मुलींच्या टॉयलेटच्या पाण्याचं काम स्वच्छतेच्या बंधित पैशात बसू शकतं. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते कशावर केले हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझ्या अनुभवात बऱ्याच ठिकाणी त्यातनं खुर्च्या नाहीतर शिलाई मशीन येतं आणि विषय संपतो.

---

अभ्यासिका

सगळं पटतंय पण एक बाजू मांडतो. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, माझ्यासारखी गावातली निम्मी पोरं तालुक्याच्या अभ्यासिकेत नाहीतर पुण्यात पेठेत. त्यांना ग्रामसभेला ये म्हटलं तर ती म्हणतात आधी माझं बघू का गावाचं बघू. घरचे पण म्हणतात त्या भानगडीत पडू नको, तिकडं गेलास की अमक्या पार्टीचा शिक्का बसणार, आणि ते खरंच आहे, आमच्याकडं एका पोरानं रस्त्याच्या कामाची माहिती अधिकारात माहिती मागितली तर त्याच्या वडिलांच्या घरकुलाची फाइल कितीतरी दिवस हलली नाही. तुम्ही म्हणता मोजमाप घेऊन जा, पण मोजमाप घेऊन गेलं की तुम्ही कुणाच्या तरी विरोधात जाताच ना. ज्याचं बोअर आहे, ज्याचा ऊस आहे, तो सरपंचाचा भाऊ असतो.

आणि जी पोरं बाहेर राहतात त्यांनी सुट्टीला येऊन गावात राहणाऱ्यांना शिकवावं का, हा पण प्रश्न आहे.

---

माणदेशी_वारा

अभ्यासिका, तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि ते टाळून पुढं जाता येणार नाही. आमच्याकडं म्हणूनच कुणाचंही नाव न घेता पूर्ण गावाचं माप ठेवलं, वहीत विहिरींना नंबर दिलेत. ग्रामसभेत एकट्यानं उभं राहायचं नाही, मंडळातनं किंवा बचत गटातनं चौघं-पाच जण सूचक-अनुमोदक म्हणून आधीच ठरवायचे. माहितीसुद्धा आधी जी उघड आहे तीच घ्यायची, ई-ग्रामस्वराज पोर्टलवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च कुणालाही दिसतो, त्याला अर्ज लागत नाही की कुणाचं नाव पुढं येत नाही. आमच्या पोरांनी पहिल्यांदा तेच काढलं, तीन वर्षांचे आराखडे शेजारी शेजारी ठेवले तर त्याच गल्लीतलं गटार दरवर्षी थोडं थोडं. ते बघून लोक स्वतःच बोलायला लागले.

बाहेर राहणाऱ्यांबद्दल, ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत आहे तो ग्रामसभेचा सदस्य आहे, हक्क आहेच. पण ठराव मांडायचं काम गावात राहणाऱ्यांनीच करावं असं मला पण वाटतं, कारण नंतर रोज ज्याला त्या रस्त्यानं जायचंय त्यानंच बोललेलं बरं. बाहेरच्यांनी आकडेमोड, अर्ज लिहिणं, पोर्टल बघणं हे करावं.

आणि अठरा पूर्ण व्हायला आलेल्या पोरांना एक सांगणं, आता मतदार नोंदणीला वर्षभर थांबावं लागत नाही, 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि सतरा पूर्ण असतील तर आगाऊ अर्ज पण करता येतो. यादीत नाव असेल तरच ग्रामसभेत हात वर करता येतो.

---

वैनगंगा

आमच्या गडचिरोलीकडचं सांगते. धानोरा तालुक्यातलं मेंढा लेखा गाव सगळ्यांना ऐकून माहीत आहे, 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी, सुमारे 1800 हेक्टर जंगल. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले होते. हे सगळं पेपरात आलं. पण बाहेरच्यांचं ज्याच्याकडं लक्ष जात नाही ते म्हणजे तिथले अभ्यास गट. ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होतो, मतदान नाही, त्यामुळे निर्णयाआधी विषय समजून घ्यावाच लागतो, आणि त्यासाठी ज्याला वाटेल तो अभ्यास गटात बसतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, कायदा वाचतात, मध कसा काढला तर माशा मरत नाहीत असे विषयसुद्धा घेतात. पोरं तिथंच बसून शिकतात. गावचे नेते देवाजी तोफा यांची पिढी तशीच घडली आणि पुढची पण त्याच बैठकीत घडते आहे.

मला वाटते की बाकी महाराष्ट्रात आपण पोरांना डायरेक्ट सभेत ढकलतो आणि बोल म्हणतो, तो काय बोलणार? आधीची अभ्यासाची जागाच नाही ना. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना आवडते, पण तिच्यामागं कितीतरी वर्षं रात्री रात्री बसून केलेला अभ्यास आहे.

---

एनेसेस_मॅडम

वैनगंगा, शंभर टक्के सहमत. मी कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघते. ही योजना 1969 पासून आहे, वर्षाला 120 तास आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर एवढं मनुष्यबळ आपल्याकडं प्रत्येक तालुक्यात तयार आहे, पण त्याचं काय करतो तर ग्रामस्वच्छता, प्रभातफेरी, संध्याकाळी प्रबोधनपर व्याख्यान. आम्ही गेल्या काही शिबिरांपासून पद्धत बदलली. पहिल्या दिवशी शिवारफेरी, दुसऱ्या दिवशी चावडीपुढं मुली रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात, विहिरी निळ्या, हातपंप पांढरे, उकिरडे काळे, आणि गावातल्या बायका येऊन तो नकाशा दुरुस्त करतात. एका गावात आमच्या मुलींनी हातपंप चालू म्हणून पांढरा दाखवला होता, एक आजी आल्या, पायानं ती रांगोळी पुसली आणि म्हणाल्या हा फक्त दिवाळीपर्यंत येतो गं, पुढं नुसती हवा. ही माहिती कुठल्याच कागदावर नव्हती.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी तो नकाशा कागदावर उतरवून सरपंच आणि सचिवांना देतो, पोच घेतो. अडचण एकच, शिबिरं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असतात आणि आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते. आपलं सर्वेक्षण पोचेपर्यंत आराखडा भरून झालेला असतो. विद्यापीठांनी हे वेळापत्रक थोडं अलीकडं आणलं तर केवढा फरक पडेल, मी हे बैठकीत मांडलंय, पुन्हा मांडणार आहे. आणि अजून एक, लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी, पक्षी यांची नोंद. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि नोंदवही पाहिजे. हरित लवादानं जानेवारी 2020 ची मुदत दिली तेव्हा घाईघाईनं भरलेल्या किती नोंदवह्या आज कपाटात पडून आहेत, त्या काढून बघा एकदा. बॉटनीच्या मुलांना याच्याहून चांगला प्रोजेक्ट कुठला मिळणार?

---

कर्वेरोड

शहरातलं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक अशी सोय आहे, आपल्या प्रभागात कुठलं काम हवं ते अर्ज भरून सुचवायचं, निवडलेली कामं बजेटमध्ये धरतात. कॉलेजच्या ग्रुपबरोबर मी भरलाय अर्ज. पण सुचवलेली कामं बघितली तर बाकडी, फुटपाथ, दिवे हेच जास्त, कारण अर्जात छोटी ठराविक कामंच बसतात. ओढ्याचं काँक्रिटीकरण नको म्हणायचं असेल तर त्याला रकानाच नाही! धोरणावर बोलायची जागा म्हणजे क्षेत्रसभा (शहरातल्या छोट्या भागातल्या मतदारांची सभा), तो कायदा राज्यात 2009 लाच झाला, पण मी राहतो तिथं क्षेत्रसभा झालेली मी कधी ऐकली नाही. त्यात 2022 च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं बरीच वर्षं प्रशासकच होते, म्हणजे जी पोरं त्या काळात अठरा-वीसची झाली त्यांना आपला नगरसेवक कोण हेच माहीत नव्हतं. त्यांच्याकडून सहभागाची अपेक्षा करताना हे विसरू नये.

गावाला निदान ग्रामसभा आहे. तुम्ही लोक नशीबवान आहात असं मला खरंच वाटतं.

---

दूधसागर

गोव्याहून लिहिते. 2020 मध्ये लॉकडाऊनमध्ये मोलेंच्या अभयारण्यातून रेल्वेचा दुपदरी मार्ग, चौपदरी हायवे आणि 400 केव्हीची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प एकदम पुढे आले. तेव्हा जी मोहीम उभी राहिली त्यात विद्यार्थी, वकील, आर्किटेक्ट, चित्रकार, आणि जंगलात मुंग्या, बेडूक, झरे यांचा अभ्यास करणारे तरुण संशोधक होते. लोकांना आठवतात ती पोस्टर्स आणि चांदर गावात रात्री रेल्वे रुळावर जमलेली माणसं. पण त्याच्यामागे कागदपत्रांचं काम प्रचंड होतं, पर्यावरण आघात अहवाल (प्रकल्पानं निसर्गावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल) ओळीओळीनं वाचला, त्यात काय राहिलंय ते दाखवलं आणि ते सगळं सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे नेलं. एप्रिल 2021 मध्ये समितीचा अहवाल आला आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. बाकी दोन प्रकल्पांचा झगडा तेवढा सरळ नव्हता.

2020 मध्येच देशभर पर्यावरण आघात अधिसूचनेचा मसुदा आला होता, आणि तो आधी फक्त इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयानं 30 जून 2020 ला सांगितलं की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा. लाखो हरकती गेल्या, त्यातल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या. हे मुद्दाम सांगते, कारण मसुदा आपल्या भाषेत नसेल तर गावातल्या पोराला कितीही तळमळ असली तरी तो कुठून हरकत घेणार? कुठल्याही मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असली तर 30 दिवस आधी नोटीस लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सारांश मागून घ्या, आणि तो मिळाला नाही तर तीच पहिली हरकत लेखी द्या.

---

नेकार_काठी

मी जर्मनीत श्टुटगार्टला असतो, मूळचा सोलापूरचा. इथं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात तरुणांना त्यांच्याशी संबंधित निर्णयात सामील करून घेणं हे नगरपालिकांना कायद्यानंच बंधनकारक आहे, ऐच्छिक नाही. महापालिका निवडणुकीत मतदान सोळाव्या वर्षी. शहरात तरुणांची निवडून आलेली युवा परिषद आहे, माझ्या शेजारच्यांची मुलगी सायकल मार्गाच्या चर्चेला जायची. आपल्याकडं लगेच सोळाला मतदान द्या असं मी म्हणत नाही, पण बालसभेत मुलांनी जे मांडलं त्याचं उत्तर ग्रामपंचायतीनं लेखी दिलंच पाहिजे असा साधा नियम झाला तरी पुष्कळ होईल असं वाटतं.

---

निवृत्त_ग्रामसेवक

नेकार_काठी यांचा मुद्दा मोलाचा आहे. बालसभा घ्या अशा सूचना येतात, बालस्नेही गाव हा तर पंचायतींसाठी ठरवलेल्या नऊ संकल्पनांपैकी एक आहे. पण बालसभेत मुलांना भाषणं करायला लावतात. एका गावात मुलांनी सांगितलं होतं की एसटीचा थांबा पुलाच्या अलीकडं घ्या, पावसाळ्यात पुलावरनं पाणी जातं तेव्हा चालत जावं लागतं. त्याला एक रुपया खर्च नव्हता, फक्त डेपोला पत्र. ते पत्र मी पाठवलं आणि थांबा बदलला. मुलांना पुढच्या वर्षी बोलवावं लागलं नाही, आपणहून आली.

आणि हिवरे बाजारचं उदाहरण देताना लोक पोपटराव पवारांचं नाव घेतात, घ्यायलाच पाहिजे, पण 1989 मध्ये ते सरपंच झाले तेव्हा तिशीच्या आतले होते आणि त्यांना पुढं करणारी गावातली तरुण पोरंच होती हे सांगायचं राहतं. पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडून त्यावरनं पिकं ठरवायची, ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही, हे सगळं ग्रामसभेतच ठरलं. नुसता पाणलोट करून ते गाव उभं राहिलेलं नाही.

---

अभ्यासिका

वाचतोय सगळं. कालच ई-ग्रामस्वराज उघडून आमच्या गावचा आराखडा बघितला, हायमास्ट दिवे, सिमेंट रस्ता, आणि पाण्यात फक्त पाइपलाइन दुरुस्ती. अभ्यासिकेतल्या आणखी दोघांनी आपापल्या गावचे काढले, तसंच. परीक्षेला पंचायत राज आम्ही पाठ करतो, 73वी घटनादुरुस्ती, 24 एप्रिल 1993, कलम 243, सगळं तोंडपाठ, पण आपल्या गावचा आराखडा कुणीच कधी बघितला नव्हता. आम्ही दर रविवारी एक तास यालाच द्यायचं ठरवतोय, वैनगंगा ताई म्हणतात तसा अभ्यास गट. विहिरींचं माप कधीपासून सुरू करावं? जूनला पाऊस लागला की?

---

घाटावरची

मी पण अर्ज दिला. टॉयलेटच्या पाण्याचा विषय आणि 10 टक्के निधी कशावर खर्च केला त्याची माहिती, दोन्ही एकाच अर्जात. अंगणवाडीच्या ताईंनी पण सही केली आणि बचत गटातल्या बायकांना घेऊन महिला सभेला येते म्हणाल्या. पोच द्यायला आधी नको म्हणत होते, मग मी म्हटलं पोस्टानं पाठवते, तेव्हा शिक्का मारून दिला.

---

माणदेशी_वारा

घाटावरची, लई भारी. सभेनंतर ठराव प्रोसिडिंगला कसा लिहिलाय त्याची नक्कल मागा, शब्द बदललेले असतात कधी कधी, 'करण्यात यावे' च्या जागी 'विचार करण्यात यावा' असं होतं.

अभ्यासिका, पाऊस लागायची वाट बघू नका. मे अखेरीला, वळीव जोरात पडायच्या आत पहिलं माप घ्या, वर्षातली सगळ्यात खाली गेलेली पातळी तीच. मग ऑक्टोबरला पाऊस थांबल्यावर परत घ्या. या दोन मापांतला फरक काढला की गावात पाणी किती चढलं ते आराखड्याच्या ग्रामसभेआधी हातात येतं. ज्या विहिरीत गाळ भरलाय ती घेऊ नका, आणि मालकाला आधी विचारा. वहीचे रकाने आमचे असे आहेत: विहीर नंबर, गट नंबर, कठड्याची जमिनीपासून उंची, खुणेपासून पाण्यापर्यंत अंतर, तारीख, वेळ, आणि मोटर आदल्या दिवशी किती तास चालली. शेवटचा रकाना भरायला लोक कंटाळतात पण तो सोडू नका.